पास होण्यापुरता धूर

सिगारेट ओढणाऱ्या माणसाला आयुष्यभर एकच वाक्य ऐकावं लागतं. आई म्हणते, फार ओढतोस. बायको म्हणते, फार ओढता. डॉक्टर म्हणतात, फार होतंय. टपरीवाला तोंडानं काही म्हणत नाही, पण महिनाअखेरीला उधारीचा आकडा सांगताना त्याच्याही चेहऱ्यावर तेच असतं. ‘तुम्ही पुरेशी ओढलेली नाही’ असं म्हणणारा कुणी भेटत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाची आगाऊ तपासणी ही मला माहीत असलेली एकमेव जागा, जिथं असं सांगून माणसाला परत पाठवतात. अमेरिकेत त्याची रीतसर अट आहे: वय ५० ते ८०, धूर किमान २० पॅक-इयर, आणि सोडली असेल तर सोडून १५ वर्षांहून जास्त झालेली नसावीत. २०२१ च्या आधी अट आणखी कडक होती, वय ५५ आणि धूर ३० पॅक-इयर. मग त्यांनी ती सैल केली. मी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात काढली. कुणाचं उत्पन्न अपुरं म्हणून, कुणाच्या सातबाऱ्यावर अजून चुलत्याचं नाव म्हणून, कुणाचा जामीनदार आधीच दुसऱ्यांना जामीन आहे म्हणून माणसं परत पाठवली. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द दिसले की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. या खेपेला अर्जदार मीच होतो.

अर्ज मात्र मी केलेला नव्हता. मुलगी ओहायोत असते. तिच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बारकी गाठ अशाच तपासणीत वेळेवर सापडली, आणि त्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड दाखवायच्या आधी तिनं विचारलं, “बाबा, तुमची एकूण पॅक-इयर किती?”

मला वाटलं प्राप्तिकराचं काहीतरी आहे. तिनं समजावून सांगितलं. तोवर आमच्या सौभाग्यवती चष्मा लावून कॅमेऱ्यात आल्या होत्या. “लिहून घे गं,” त्या म्हणाल्या. “मी सांगते.”

पॅक-इयर हे माप दिसायला साधं आहे. रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर ओढली की एक. रोज दोन पाकिटं दहा वर्षं म्हणजे वीस, रोज अर्धं पाकीट चाळीस वर्षं म्हणजेही वीस. इतका सरळ हिशेब मांडणारा माणूस आपल्याकडच्या टपरीवर कधी उभा राहिलेला नाही, हे लगेच कळतं. पहिली अडचण पाकिटाचीच. त्यांचं पाकीट विसाचं. आपल्याकडे दहाचंही मिळतं, आणि ‘रोज एक पाकीट’ म्हणणारा आपला माणूस बहुतेक वेळा त्या दहाच्याबद्दलच बोलत असतो. म्हणजे इथला पक्का व्यसनी तिकडच्या तक्त्यात अर्धाच भरतो.

दुसरी अडचण अशी, की पाकीट घेतो कोण? पाकीट खिशात ठेवणं म्हणजे आपण सिगारेट ओढणारे आहोत हे कबूल करणं. सुटी घेणारा स्वतःच्या नजरेत सिगारेट ओढणारा नसतोच. तो फक्त आत्ता एक ओढतोय. टपरीच्या कोपऱ्याला टांगलेल्या पेटत्या सुतळीवर ती शिलगावायची, म्हणजे खिशात काडेपेटीसुद्धा नको. पुराव्यादाखल काही उरत नाही. महाराष्ट्रात २०२० च्या सप्टेंबरात सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी झाली. आमच्या टपरीवाल्याला हे अजून कुणी कळवलेलं नसावं, आणि आपण कशाला वाईट बातमी सांगा, म्हणून आम्हीही गप्प आहोत.

शिवाय सुट्या सिगारेटींत न मोजायच्या किती जाती. दुसऱ्याची घेतलेली मोजायची नाही, कारण ती त्याच्या खात्यावर पडते. दोघांत एक ओढलेली मोजायची नाही, कारण ती अर्धी, आणि अर्ध्याला आकडा नाही. लग्नात जेवणावर ओढलेली ही आहेरात धरायची. समोरून काका आले म्हणून दोन झुरक्यांत पायाखाली चिरडलेली तर मोजूच नये. उलट तिची भरपाई मिळायला हवी. प्रवासातली वेगळी, पावसातली वेगळी, मॅच शेवटच्या षटकात गेली तेव्हाची वेगळी. हे सगळं वजा जाता जी उरते ती आपली रोजची सिगारेट, आणि ती आम्हा सगळ्यांची रोज दोनच असते. सांगली जिल्ह्यात रोज दोनहून जास्त ओढणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

आमच्या कट्ट्यावरचे विम्यातले मित्र या विषयातले जाणकार. त्यांनी हयातभर लोकांचे प्रस्ताव भरले. ‘धूम्रपान करता का?’ या रकान्यासमोर समोरचा माणूस तोंडातून धूर सोडत सोडत ‘नाही’ म्हणतो आणि आपण तो धूर हातानं बाजूला सारत ‘नाही’ लिहितो, हे त्यांनी इतक्या वेळा केलंय, की आता त्यांना स्वतःलाही विचारलं तरी तोंडून तेच येतं.

बायकोचा हिशेब मात्र या सगळ्या जातींना मानत नव्हता. तिनं जन्मात सिगारेट हातात धरलेली नाही, पण माझं सगळं दप्तर तिच्याकडे. ती सालावर जात नाही, प्रसंगांवर जाते. “लग्न झालं तेव्हा चारमिनार ओढायचे, फिल्टर नसलेली. माझ्या भावानं आणलेल्या कोटाला भोक पाडलं ते त्याच वर्षी. बढती मिळाली तेव्हा विल्सवर गेले. सासूबाई आजारी होत्या ते वर्ष दुप्पट धर. तू बारावीला होतीस, तेव्हा घरात नाही ओढायचे, गच्चीवर जायचे. तुळशीच्या कुंडीत थोटकं सापडायची ती तेव्हाची. आणि २००५ च्या पुरात आपण वरच्या मजल्यावर अडकलो, दूध संपलं, मेणबत्त्या संपल्या, यांच्याकडे सिगारेटी होत्या.”

“आई, आकडा सांग ना.”

“सांगतेय की. पुराचा आठवडा वेगळा लिही.”

ओहायोत कुठल्याशा कागदावर बेरीज झाली. आकडा विसाच्या चांगलाच पुढे गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझं प्रकरण कुठलीही त्रुटी न निघता पास झालं, आणि बायकोच्या चेहऱ्यावर जामीनदाराचा अभिमान होता.

आता सोडल्याच्या तारखेचा रकाना. सिगारेट ओढणाऱ्याला कधी सोडली विचारणं म्हणजे कुठल्या वेळची विचारताय, असा उलटा प्रश्न ओढवून घेणं. प्रत्येक एक जानेवारीला सुटलेली असते. गणपतीत सुटलेली असते. कुणाच्या तरी अंत्यविधीहून परत येताना सुटते आणि घाट ओलांडेपर्यंत टिकते. माझी सुटली ती करोनात. सुटली म्हणण्यापेक्षा टपरी बंद होती आणि ती उघडेपर्यंत बायकोनं पाकिटाचे पैसे कुठं वळवले ते मला आजतागायत कळलेलं नाही. टपरी उघडली तेव्हा लक्षात आलं, की आपण नुसते बाकड्यावर बसूनही गप्पा मारू शकतो. थोडक्यात, पंधरा वर्षांच्या अटीतही मी बसलो.

बसले नाहीत ते आमच्या कट्ट्यावरचे प्राध्यापक. त्यांनी सोडली २ ऑक्टोबर २००८ रोजी. त्या दिवशी देशभर सार्वजनिक जागी सिगारेट ओढायला बंदी आली. घरात त्यांना बंदी आधीपासूनच होती. ओढायला जागाच न उरल्यामुळे त्यांनी सोडली, आणि आम्हा सगळ्यांत एकट्यानं सोडली ती कायमची. आता अमेरिकेचा नियम त्यांना सांगत होता, की तुम्ही फार लवकर सुधारलात. प्राध्यापक नियमाच्या बाहेर राहिल्याचं दुःख सहन करणाऱ्यांतले नाहीत. “म्हणजे आज एक ओढली तर उद्या मी पात्र?” त्यांनी विचारलं. विम्यातल्या मित्रानं तत्परतेनं खिशात हात घातला. मी तो हात धरला. बँकेत असताना पीककर्जमाफीच्या वेळी नियमानं फेडणाऱ्यांचे चेहरे मी जवळून पाहिलेत. प्राध्यापकांचा चेहरा हुबेहूब तसा होता.

तपासणी करायची तर मिरजेला जायचं. सांगलीकरांना हे अंतर किलोमीटरमध्ये सांगून कळत नाही. शहर बसनं अर्धा तास, पण ‘मिरजेला नेलं’ हे वाक्य आमच्याकडे आणि पार विजापूरपर्यंत फक्त एका अर्थानं ऐकतात. १८९४ साली तिथं वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी इस्पितळ काढलं, आणि तेव्हापासून दोन राज्यांतली दुखणी त्या गावाकडे चालत येतात. आम्ही दोघं पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलो तर शेजारच्या काकू दारातच.

“कुठं निघालासा?”

“मिरजेला.”

“अगंबाई. काय झालं ओ भावजींना?”

“काही नाही. काही होतंय का बघायला.”

“न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ दे बाई,” काकू म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत मी शेवटच्या स्टेजला होतो.

यात काकूंची काही चूक नाही. या तपासणीची मूळ अटच अशी आहे, की तुम्हाला काही होत नसलं पाहिजे. खोकल्यातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर ती तपासणी राहत नाही. तो आजाराचा शोध होतो आणि त्याचा रस्ता वेगळा. काही होत नसताना, स्वतःच्या खिशातून काही हजार रुपये घालून दवाखान्यात जाणं हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपण दुखणं अंगावर काढतो आणि मग त्या काढण्याचं कौतुक करून घेतो. सरकारी तपासणी कार्यक्रमातही तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच बघतात. फुप्फुसाचा त्यात समावेश नाही. आणि मला विचाराल तर त्यात तर्क आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ शेकडा चारसुद्धा भरले नाहीत, आणि मळून, चघळून, दाताला लावून खाणारे भरले चोविसाच्या वर. आम्ही धूरवाले या राज्यात अल्पसंख्य आहोत. आमच्यासाठी अजून कुणी आयोग नेमलेला नाही, एवढंच.

छातीचे डॉक्टर हे मुलीचे शाळासोबती निघाले. लहानपणी आमच्या घरी कॅरम खेळायला यायचे. हा मोठाच तोटा. अनोळखी डॉक्टरला ‘रोज दोन’ सांगता येतं. ज्यानं आपल्याला गच्चीवर पाहिलंय त्याला काय सांगणार?

“खोकला येतो का, काका?”

“नाही.”

“रोज पहाटे साडेपाचला,” बायको म्हणाली. “गजर लावावा लागत नाही.”

“तो माझा नेहमीचा आहे,” मी खुलासा केला. डॉक्टरांनी तो लिहून घेतला.

तिकडे अमेरिकेत सरकारी विमा या स्कॅनचे पैसे देतो, पण आधी डॉक्टर आणि पेशंट यांनी समोरासमोर बसून नफातोटा बोललाच पाहिजे अशी अट घालतो. आमच्यावर अट नव्हती, तरी डॉक्टर बोलले. २०११ साली तिथला एक मोठा अभ्यास जाहीर झाला. ५३ हजारांहून जास्त माणसं, सगळी भरपूर ओढलेली. अर्ध्यांना तीन वर्षं वर्षातून एकदा कमी मात्रेचा सीटी स्कॅन, अर्ध्यांना साधा एक्स-रे. स्कॅनवाल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू शेकडा २० नं कमी झाले. मग नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अभ्यासात, २०२० साली, तसंच निघालं. एक्स-रेचा प्रश्न माझ्या मेव्हण्यामुळे माझ्या डोक्यात होताच. “दोनशे रुपयांत फोटो निघतो, कशाला उगं स्कॅन,” हे त्याचं मत, आणि तो स्वतः फोटो स्टुडिओ चालवत असल्यामुळे फोटो या विषयावर त्याचं ऐकावं लागतं. डॉक्टर म्हणाले, एक्स-रे काढून मृत्यू कमी होत नाहीत हे दीड लाखाहून जास्त माणसांवर वर्षानुवर्षं बघून झालंय. गाठ एक्स-रेत दिसण्याइतकी मोठी होईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

“पण काका, दुसरी बाजूही ऐका,” ते म्हणाले. बँकेत दुसरी बाजू बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर असते. इथं डॉक्टर ती मोठ्यानं वाचत होते. त्या अमेरिकन अभ्यासात दर चार स्कॅनमागे जवळपास एकात काहीतरी दिसलं, आणि जे दिसलं त्यातलं शेकडा ९६ कर्करोग नव्हतंच. पण ते नाही हे ठरेपर्यंत पुन्हा स्कॅन, कुणाला सुई, कुणाला त्याहून पुढचं, आणि घरच्यांची झोप गेली ती वेगळीच. आपल्याकडे त्यात आणखी भर म्हणजे टीबी. लहानपणी कधीतरी होऊन, न कळता बरा झालेला टीबी छातीत आपले डाग ठेवून जातो, आणि ते डाग स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसून डॉक्टरांना कामाला लावतात. हिशेबच करायचा तर त्या अभ्यासात साधारण ३२० माणसांचे स्कॅन झाले तेव्हा एकाचा जीव वाचला. मला त्या एकाबद्दल आनंद वाटला, पण बाकीच्या ३१९ जणांशी मला जास्त जवळीक वाटली. पिशवी घेऊन बसनं येणारे, काही न होता घाबरून जाणारे, शेजारच्या काकूंना उत्तर देणारे तेच.

“आणि स्कॅनपेक्षा सोडणं जास्त फायद्याचं,” डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून डॉक्टरांनाच पत्रं पाठवून, कोण किती ओढतो आणि कोण कशानं जातो याची पन्नास वर्षं नोंद ठेवली. तिशीत सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षं आयुष्य परत मिळतं, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. मुदत ठेवीचा तक्ता मी आयुष्यभर लोकांना समजावून सांगितला. हा मला कुणी समजावायची गरज पडली नाही. तीन तर तीन. बचत खात्यापेक्षा बरे.

हे सगळं कट्ट्यावर सांगितलं तेव्हा विम्यातले मित्र म्हणाले, “डॉक्टरांचं काय सांगता, तेच चोरून ओढतात.” या वाक्याला इतिहासात एक भलताच माणूस सापडतो. अमेरिकेत सेंट लुइस इथं एव्हर्ट्‌स ग्रॅहम नावाचे सर्जन होते. कर्करोगासाठी एक अख्खं फुप्फुस काढून पेशंट जगवण्याचं श्रेय त्यांचं, साल १९३३. ऑपरेशन टेबलावरचा पेशंटही डॉक्टर. ग्रॅहम स्वतः भरपूर ओढायचे, आणि सिगारेटमुळे हा रोग होतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं अभ्यास करायचा हट्ट धरला, तर बघ बाबा, म्हणून त्यांनी परवानगी दिली. १९५० मध्ये दोघांच्या नावानं निबंध छापून आला आणि त्यात विद्यार्थीच बरोबर ठरला. ग्रॅहमनी सिगारेट सोडली. पण १९५७ मध्ये ते गेले ते फुप्फुसाच्याच कर्करोगानं. ज्याचं एक फुप्फुस त्यांनी काढलं होतं, तो पेशंट त्यांच्यामागे आणखी काही वर्षं एकाच फुप्फुसावर जगला. कट्ट्यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग विम्यातले मित्र म्हणाले, “त्या पेशंटचा विमा कुणाकडं होता?”

स्कॅनची गोष्ट सांगण्यासारखी थोडीच आहे. उपाशी जायचं नसतं, शिरेत औषध टोचायचं नसतं. कपडे बदलून पाठीवर झोपायचं, दोन्ही हात डोक्यामागे. मग पलंगच तुम्हाला घेऊन यंत्राच्या मोठ्या कड्यातून सरकतो. हे यंत्र ज्या कंपनीत जन्मलं ती इंग्लंडची इएमआय. गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचा तिथला इंजिनिअर, १९७१ मध्ये लंडनला पहिला पेशंट, १९७९ मध्ये नोबेल. आमच्या घरी कुत्र्याच्या चित्राच्या ज्या तबकड्या वाजायच्या, त्याही त्याच कंपनीच्या घरातल्या. आणि मी झोपलो होतो मिरजेत, जिथं अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथं अजून गल्लीभर तानपुरे घडवतात. म्हणजे श्वासाची कदर असलेल्या गावात, गाण्याच्या कंपनीच्या यंत्राखाली, माझ्या श्वासाचा षड्ज कसा लागतो ते बघणं चाललं होतं.

यंत्र आतून हिंदीत बोलतं. “साँस लीजिए. रोक के रखिए.” बाहेर काचेमागच्या मुलीला वाटलं असेल, म्हातारा दोन सेकंदांत सोडेल. तिला काय कल्पना! वडील समोरून आले की तोंडातला धूर आत धरून, त्यांनी विचारलेल्या ‘निकाल कधी आहे’ला मानेनं उत्तर देत, ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत आमची अख्खी पिढी उभी राहिलेली आहे. “छोड़िए” म्हटल्यावरही मी सवयीनं आधी आजूबाजूला बघितलं. किरणांची मात्रा नेहमीच्या छातीच्या स्कॅनच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा. सगळं मिळून चहा थंड व्हायच्या आत संपलं.

बाहेर बाकावर बँकेतले आमचे जुने शिपाई भेटले. सुनेला दाखवायला आले होते. मी कशासाठी आलो ते ऐकून म्हणाले, “सायेब, माझं बी करतील काय? पण मी शिग्रेट न्हाई, बिडी.” मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते बराच वेळ पेनशी खेळले. पॅक-इयरचं माप सिगारेटचं. ज्या अभ्यासांवर या अटी उभ्या आहेत त्यांत बिडी कुणी मोजलीच नाही. बिडीत तंबाखू थोडी, पण तेंदूचं पान नीट जळत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी सारखे झुरके घ्यावे लागतात, आणि छातीत जाणारं डांबर काही कमी भरत नाही. त्याच २०१६-१७ च्या पाहणीत देशात सिगारेटवाल्यांच्या जवळपास दुप्पट बिडीवाले निघाले. बिडीची तंबाखू पिकते ती आमच्या शेजारच्या निपाणीला, ओढली जाते साऱ्या देशात, आणि मोजण्याचा तक्ता मात्र विसाच्या अमेरिकन पाकिटाचा. डॉक्टर म्हणाले, बिडीसुद्धा धूरच आहे, आपण अंदाजानं धरू, पाठवा त्यांना. शिपाई मामांनी आधी पैसे विचारले. आकडा ऐकल्यावर म्हणाले, “येवढ्यात तर पोरीची फी बसती,” आणि सुनेच्या मागं निघून गेले. पात्र असून फाईल परत गेलेली मी खूप पाहिलीत. ही मी बाकावर बसून पाहिली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. डाव्या बाजूला चुना भरलेले दोन जुने डाग, बहुधा तोच विसरलेला टीबी. उजवीकडे चार मिलिमीटरची एक गाठ, इतकी लहान की काही करायचं नाही, वर्षानं पुन्हा बघायचं. शिवाय यंत्र शेजारीपाजारीही डोकावून आलं होतं: हृदयाच्या रक्तवाहिनीत थोडं कॅल्शियम, पित्ताशयात एक खडा. फुप्फुस दाखवायला गेलो आणि हृदयवाल्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो. मिरजेत त्यासाठी रस्ता ओलांडावा लागतो, तेवढाच. बायकोनं रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाली, “खड्याचं मी कधीपासून सांगत होते.”

गाठ असणं कट्ट्यावर मोठ्या मानाचं ठरलं. ज्याच्या छातीत काहीतरी आहे त्याला बाकड्याची कडेची जागा मिळते, आणि त्याच्यासमोर कुणी पेटवत नाही. विम्यातल्या मित्रांना ते सहन झालं नाही. ते अजून ओढतात, वयानं आणि धुरानं केव्हाच पात्र होते. जाऊन स्कॅन करून आले. स्वच्छ निघाला. त्यांनी तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला आणि थेट टपरीवर गेले. “स्वच्छ म्हणजे त्या दिवसापुरता स्वच्छ,” असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं म्हणे, आणि सोडायचं औषधही लिहून दिलं होतं. लॅमिनेट करताना चिठ्ठी रिपोर्टच्या मागं गेली. आता ती वाचायची तर प्लास्टिक फाडावं लागेल.

राहिले प्राध्यापक. परवा ते हातात छापील कागद घेऊन आले, चेहरा अपील जिंकल्यासारखा. अमेरिकेतल्याच कॅन्सर सोसायटीनं २०२३ मध्ये पंधरा वर्षांची अट काढून टाकली होती. सोडून कितीही वर्षं झाली तरी धोका राहतो, म्हणून वय आणि वीस पॅक-इयर एवढंच बघावं, असं तिचं म्हणणं. सरकारी समितीनं अट ठेवलीय, सोसायटीनं काढलीय. प्राध्यापकांनी सोसायटीची बाजू घेतली होती. ते मिरजेला जाऊनही आले होते. वयात बसले. धुराच्या रकान्याशी अडले, कारण लग्न झाल्यापासून त्यांनी घरी ‘रोज दोन’ सांगितलेलं, आणि वहिनींनी डॉक्टरांसमोर तोच आकडा शपथेवर सांगितला. रोज दोनच्या दरानं वीस भरायला त्यांना दोनशे वर्षं ओढावी लागली असती.

“तुम्ही सगळे होता तेव्हा,” प्राध्यापक म्हणाले. “मी किती ओढायचो ते डॉक्टरांना लिहून द्या. सह्या करा.”

मी जामीनदार व्हायला एका पायावर तयार होतो. रोज किमान पंधरा, असं मी सुचवलं. विम्यातल्या मित्रांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि सहीची जागा बोटानं झाकून ठेवली.

“पंधरातल्या तेरा माझ्या पाकिटातल्या,” ते म्हणाले. “त्या मी माझ्यात धरून बसलोय.”